एकटं पिल्लू आणू नका

आई-बाबांनो, बाजारातून मूल गुलाबी रंगात बुचकळलेलं पिल्लू ओंजळीत घेऊन येतं आणि म्हणतं, "एकच तर आहे, ठेवूया ना!" तेव्हा नाही म्हणवत नाही. मलाही म्हणवलं नव्हतं.

जबलपुरात मदन महलच्या आमच्या अंगणात ते पिल्लू दिवसभर लेकीच्या मागेमागे फिरायचं. ती शाळेत गेली की मात्र चिवचिवाट सुरू, तोही टिपेचा. आम्ही कण्या टाकल्या, पाणी ठेवलं, तरी थांबेना. तो आवाज भुकेचा नव्हताच. कळपापासून तुटलेलं पिल्लू असं ओरडतं, म्हणजे आईनं ऐकावं आणि यावं. यंत्रात उबवलेल्या आमच्या पिल्लाला आई कुठली? आठ-दहा दिवसांत ते गेलं. लेक विचारत राहिली, "माझं काय चुकलं?" चूक तिची नव्हती, आमची होती. तिनं जीव लावला होता. पण एकट्या मुलीनं कळप कसं व्हावं?

म्हणून आणायचीच तर निदान तीन आणा. दोन आणली आणि एक मांजरानं नेलं, तर उरलेलं पुन्हा एकटंच. चार-पाच असली तर आणखी बरं, पण खुराड्यात दर कोंबडीमागे चार चौरस फूट जागा धरा. दाटी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद कशाला? रंगवलेल्या पिल्लांत बहुतेक नरच असतात, हेही ध्यानात ठेवा. आपल्या जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठानं कडकनाथ आणि 'जबलपूर कलर' यांच्या संकरातून 'नर्मदानिधी' ही परसात पाळायची जात तयार केली आहे. बाजारात जाण्याआधी तिथे चौकशी करा.

पहिले काही दिवस त्या एकमेकींना टोचतील. मुलं घाबरतील, त्यांना जवळ घेऊन सांगा. नॉर्वेचा थॉर्लेफ शेल्डेरुप-एबे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा, कोण कोणाला टोचते ते टिपून ठेवायचा. त्यातूनच १९२२ मध्ये त्यानं कळपातल्या मानाच्या क्रमावर शोधनिबंध लिहिला. हा क्रम एकदा ठरला की भांडणं निवतात. मुलांच्या हाती एक वही द्याच. नंतर नवी कोंबडी आणली तर तिला एकदम आत सोडू नका. आधी काही आठवडे दूर ठेवा, मग आठवडाभर जाळीआड. तीही एकटी नको, जोडीनं आणा. कोंबड्यांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणानं धुवून घ्या, लाडानं पिल्लाचा मुका घेऊ देऊ नका.

पुढच्या वर्षी आम्ही चार तलंगा आणल्या. जानेवारीत टेकडीकडून गार वारा येतो, तेव्हा त्या दांडीवर अंगाला अंग लावून बसतात. सकाळी लेक दप्तर घेऊन निघाली की चौघी माना वर करून बघतात आणि पुन्हा माती उकरू लागतात.