टाळेबंदी आणि घरची कणगी

करोनाच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वेळी डहाणू व तलासरी तालुक्यांत दोन चिंता उत्पन्न झाल्या. गुजराथेतील बोटींवरचे व बागांतले काम थांबल्यावर मजुराच्या घरी धान्य कोठून येणार, आणि तयार चिकू बाजारी कसा पोचणार? सरकारने 27 मार्च रोजी शेतीची कामे व बाजार समित्या यांस मोकळीक दिली. शिवाय शिधापत्रिकेवर माणशी दरमहा 5 किलो जादा धान्य मोफत देण्याचे ठरले. परंतु परवानगीने फळ टिकत नाही. तोडलेला चिकू आठवड्याच्या आत पिकून मऊ पडतो. नाचणी मात्र कणगीत कोरडी राखल्यास वर्षानुवर्षे टिकते.

यावरून बागाइतदारांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

1. सर्व जमीन एका नाशवंत फळास देऊ नये. घरच्या बेगमीपुरते भात व नाचणी अवश्य लावावी.

2. चिकूच्या फोडी वाळविण्याची सोय आधीच करून ठेवावी.

3. आपल्या बागेत राबणाऱ्या गड्याच्या घरी पावसाळ्याचे धान्य आहे किंवा नाही, याची चौकशी संकट येण्यापूर्वी करावी. गडी उपाशी राहिल्यास बाग फार काळ टिकत नाही.