साधन की साध्य?

अराज्यवाद म्हणजे निव्वळ बेबंदशाही, असा माझाही समज होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या अराज्यवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील वाद वाचला आणि तो समज गळून पडला. संघटना हवी, हे तेथे बहुतेकांना मान्य होते. प्रश्न होता तो कोणत्या संघटनेचा.

फ्रान्समधील तरुण कार्यकर्ता पिएर मोनात याचे म्हणणे असे, की कामगार संघटना स्वयंपूर्ण आहे. आज ती मजुरीसाठी लढते, उद्या सार्वत्रिक संपाने क्रांती करील आणि पुढे उत्पादनही चालवील. इटलीच्या मालातेस्ताने उत्तर दिले : ती साधन आहे, साध्य नव्हे. पगारी पदाधिकारी हळूहळू स्थितिप्रिय बनतात. शिवाय संपात आधी उपाशी मरतो तो कामगारच.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि फ्रान्सच्या कामगार महासंघाच्या नेतृत्वाने सरकारला साथ दिली. मालातेस्ताची भीती खरी ठरली. परंतु मोनातने निषेधार्थ महासंघाच्या समितीतील पदाचा राजीनामा दिला. उलट थोर अराज्यवादी क्रोपोत्किन मात्र युद्धाच्या बाजूने गेला!

तात्पर्य, कोणतेही तत्त्व माणसाला आपोआप सावरत नाही. संघटनेत राहूनही स्वतःचा विवेक जागा ठेवणे, हाच या वादातून मला उमगलेला धडा होय.