जुन्या फिटरांचं ज्ञान कसं जपावं?

प्रश्न : आमच्या पंपदुरुस्तीच्या कारखान्यातले अनुभवी फिटर निवृत्त होत आहेत. त्यांचं ज्ञान संगणकावर कसं जपावं?

उत्तर : आधी माणसं, मग सॉफ्टवेअर. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांना झेरॉक्स कंपनीत दिसलं, की तंत्रज्ञ अवघड दुरुस्ती एकमेकांच्या किश्श्यांतून शिकतात. १९९०च्या दशकात तिथे ‘युरेका’ प्रणाली आली. तंत्रज्ञ युक्ती लिहीत, जाणकार सहकारी ती तपासत, मग ती लिहिणाऱ्याच्या नावासह सर्वांना मिळे.

तुम्हीही लक्षण, कारण आणि उपाय एवढंच नोंदवा. फिटरांना लिहिणं जड जात असेल, तर त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. नोंदी तपासायला एक जाणकार नेमा. प्रत्येक नोंदीखाली त्या फिटरचं नाव आवर्जून द्या. मान मिळाला, की माणूस हातचं राखत नाही.