एक आसन, एक नोंद

विमानांतील आसन ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. कापड आज विकलें गेलें नाहीं, तर तें उद्यां विकतां येतें. परंतु विमान एकदां उडालें कीं त्यांतील रिकाम्या आसनाचें मोल शून्य होतें. उलटपक्षीं, तेंच आसन चुकून दोघांस विकलें, तर एकास दारांतूनच परतावें लागतें. ह्या दोन संकटांमधून वाट काढण्याच्या खटपटींतून आरक्षणाचे संगणक जन्मास आले. त्यांचा इतिहास आपण थोडक्यांत पाहूं.

अमेरिकेंतील 'अमेरिकन एअरलाइन्स' ह्या कंपनीच्या कचेरींत पूर्वीं एका फिरत्या मेजावर उड्डाणांचीं कार्डें ठेवीत. भोंवतीं आठ कारकून बसत व मागणी आली कीं कार्ड काढून त्यावर खूण करीत. मेजाभोंवतीं आणखी माणसें मावत नसत. म्हणून धंदा वाढला, तरी कामाचा वेग वाढेना. १९४६ सालीं कंपनीनें बोस्टन येथें 'रिझर्व्हायझर' नांवाचें विद्युत्-यंत्र बसविलें. जागा शिल्लक आहे कीं नाहीं, हें तें दाखवी. पण प्रवाशाचें नांव कागदावरच लिहावें लागे. जागेची नोंद एकीकडे आणि माणसाची दुसरीकडे, अशी ही स्थिति होती.

१९५३ सालीं लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानांत कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आय.बी.एम. कंपनीचे विक्रेते ब्लेअर स्मिथ ह्यांची गांठ पडली. आडनांव एकच निघालें व त्यावरून बोलणें वाढलें. आय.बी.एम. त्या वेळीं अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठीं 'सेज' ही योजना उभारीत होती. दूरदूरच्या रडारांकडून येणारी माहिती तत्काळ एका संगणकांत गोळा करावयाची, हें तिचें तत्त्व. तेंच तत्त्व आसनांस लावून 'सेबर' ही यंत्रणा निर्माण झाली. न्यूयॉर्क राज्यांतील ब्रायरक्लिफ मॅनर येथें दोन मोठे संगणक ठेवले. एक चालू, तर दुसरा अडचणीच्या वेळेसाठीं सज्ज. कोणत्याही शहरांतील कारकुनानें कळ दाबली कीं प्रश्न तारेनें तेथें जाई व कांहीं क्षणांत उत्तर येई. आसन आणि प्रवासी ह्यांची नोंद एकत्र झाली. १९६४ पर्यंत कंपनीचें सर्व आरक्षण ह्या यंत्रणेकडे आलें.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. १९७६ पासून सेबरचे पडदे प्रवासी दलालांच्या कचेऱ्यांत बसूं लागले. त्यांवर इतर कंपन्यांचीं विमानेंही दिसत. मात्र यादीच्या आरंभीं जें दिसे, तेंच दलाल बहुधा विकीत. आणि यादी लावणारी कंपनी आपलीं उड्डाणें वर ठेवी. नोंद खरी असली, तरी क्रम पक्षपाती होता. प्रतिस्पर्ध्यांनीं तक्रार केली व १९८४ सालीं अमेरिकेच्या नागरी विमान मंडळानें असा पक्षपात करण्यास बंदी घातली. पुढें २००० सालीं सेबर मूळ कंपनीपासून अलग झाली. इतर विमान कंपन्यांनींही अशा यंत्रणांवरील आपली मालकी सोडल्यावर, २००४ सालीं ते नियम रद्द करण्यांत आले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या इतिहासापासून आपण काय घ्यावें? बेरीज चुकणें हा वहीचा एक दोष. परंतु बेरीज बरोबर असूनही पानें सोयीप्रमाणें लावणें, हा दुसरा व अधिक सूक्ष्म दोष होय. पहिला दोष यंत्रानें दूर केला. दुसरा दूर करण्यास कायदा आणि जागरूक माणसें लागलीं. म्हणून पडद्यावर एखादी यादी दिसली, कीं पहिल्या ओळीवर बोट ठेवण्यापूर्वीं ती कोणी लावली, हें विचारण्याची संवय आपण लावून घ्यावी.