टॅरंटुलाची पेटी आणि तळाचा थर

टॅरंटुलाच्या पेटीतला सर्वांत मोठा धोका म्हणजे मोकळी उंची. चिलीचा रोझ किंवा मेक्सिकोचा तांबड्या गुडघ्यांचा टॅरंटुला हे जमिनीवर राहणारे, जड अंगाचे कोळी. त्यांच्या उदराची त्वचा पातळ असते. थोड्या उंचीवरून पडले तरी ती फाटू शकते आणि रक्तद्रव वाहून कोळी मरतो. नवखे लोक बहुधा घरात पडून असलेली माशांची काचेची टाकी घेतात, तळाला दोन बोटे माती पसरतात आणि कोळी नीट दिसतो म्हणून खूश होतात. रात्री तो काच चढतो. म्हणून थर भरपूर भरावा. थरापासून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावे. पसारा 12 सेंटिमीटर असेल, तर वर 18 सेंटिमीटर पुरे. झाकण जाळीचे नको. पायांच्या टोकाची नखे तारेत अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो. भोके पाडलेले ॲक्रिलिकचे झाकण बरे.

थरासाठी रोपवाटिकेत विटेच्या रूपात मिळणारे कोकोपीट सोयीचे पडते, मात्र ते खत न मिसळलेले हवे. भिजवून फुगवावे, घट्ट पिळावे आणि दाबून भरावे. भुसभुशीत थरात बीळ टिकत नाही. कीटकनाशक न पडलेली साधी माती मिसळली तर बीळ आणखी पक्के होते. रंगीत खडे आणि वाळू माणसाच्या डोळ्यांसाठी असतात, कोळ्याला त्यात बीळ करता येत नाही. देवदार व पाइनचा भुसा तर टाळावाच, त्यातली तेले कोळ्याला घातक ठरतात.

ओलाव्याबाबत चूक सहसा अतिकाळजीतून होते. टॅरंटुला म्हणजे वर्षावनाचा प्राणी, असे धरून रोज फवारा मारला जातो. चिलीचा रोझ कोरड्या झुडपी प्रदेशातला; ओल्या थरावर तो पाय टेकवायला तयार नसतो आणि दिवसच्या दिवस भिंतीला चिकटून राहतो, म्हणजे पुन्हा पडण्याचा धोका आलाच. त्याला कोरडा थर आणि पाण्याची उथळ वाटी पुरते. वाटीत स्पंज ठेवू नये, तो कुजतो. ओल लागणाऱ्या जातींसाठी एका कोपऱ्यात पाणी ओतून खालचा थर दमट ठेवावा, वरचा कोरडा राहू द्यावा. समोरासमोर हवेची भोके नसली तर बुरशी येते.

भारत व श्रीलंकेतील पोएसिलोथेरिया हे टॅरंटुला झाडांच्या ढोलीत राहतात. त्यांच्यासाठी हिशेब उलटा: उंच पेटी, उभी साल आणि थर बेताचा.

लपायला आडोसा प्रत्येकाला हवा. दिव्याची उष्णता नको, तिने कोळी सुकतो. कात टाकताना तो उताणा पडतो; मेला समजून त्याला हलवू नये. पेटीत खाद्य म्हणून सोडलेले जिवंत रातकिडे मात्र लगेच काढावेत, कारण त्या मऊ अवस्थेतल्या कोळ्याला ते कुरतडतात.