देवडीवरचा पहारेकरी

जुन्या वाड्यात परका मनुष्य आला, की तो ओसरीवर बसे. घरधन्याने बोलावल्यावाचून माजघरात पाऊल टाकणे शिष्टाचाराला सोडून होई. तरीही कोणी आत शिरू लागलाच, तर देवडीवरचा पहारेकरी त्याला अडवी. मोबाइलवर उघडणारे प्रत्येक वेबपान हा असाच एक पाहुणा असतो, आणि ब्राउझर हा त्या देवडीवरचा पहारेकरी.

प्रारंभी वेबपानाचे काम मजकूर व चित्रे दाखविण्यापुरतेच होते. पुढे मोबाइलमधील कॅमेरा, मायक्रोफोन इत्यादी साधनांचा उपयोग वेबपानालाही करता येऊ लागला. २००९ मध्ये आयफोनवरील सफारी या ब्राउझरात फोनचे ठिकाण विचारण्याची सोय झाली. मात्र वेबपान स्वतः त्या साधनांना हात लावू शकत नाही. ते ब्राउझरकडे मागणी करते. ब्राउझर मोबाइलच्या मालकाला विचारतो. आणि मालकाने होकार दिला, तरच मागितलेली माहिती वेबपानाच्या हाती पडते.

परंतु पहारेकऱ्याचीही कधी चूक होते. बॅटरी किती उरली आहे, हे काही ब्राउझर वेबपानाला न विचारता सांगत. हेतू चांगला होता : बॅटरी उतरली असल्यास वेबपानाने आपले काम आटोपते घ्यावे. पण एवढ्याशा माहितीवरूनही तोच फोन निरनिराळ्या संकेतस्थळांवर काही काळ ओळखता येतो, असे संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. तेव्हा फायरफॉक्सने २०१७ मध्ये वेबपानांसाठी ही सोय काढून टाकली. क्षुल्लक वाटणारी गोष्टही परक्याला पुष्कळ काही सांगून जाते, ती अशी!

वाट शोधणाऱ्याने नकाशाला आपले ठिकाण सांगावे, हे योग्यच आहे. पण कोड्यांचे वेबपान मायक्रोफोन मागू लागले, तर त्याला तो कशासाठी हवा, हा प्रश्न मनात उठलाच पाहिजे. घाईने दिलेली परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमधून परतही घेता येते. मात्र एकदा बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही.

पहारेकरी विचारतो; निर्णय घरधन्यालाच करावा लागतो.

शब्दार्थ
देवडी – वाड्याच्या मुख्य दरवाजाजवळील पहाऱ्याची जागा
माजघर – घराचा मधला भाग
क्षुल्लक – अगदी लहान, किरकोळ

स्वाध्याय
१. वेबपानाला पाहुण्याची उपमा का दिली आहे?
२. बॅटरीविषयीची सोय फायरफॉक्सने का काढून टाकली?
३. ‘निर्णय घरधन्यालाच करावा लागतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.