कमरेला रिव्हॉल्व्हर आणि शिक्षण विभागात काम

प्रश्न : मी बीबीचा (ता. लोणार) शेतकरी, आमच्या संस्थेच्या शाळेचा सचिवही आहे. जमिनीच्या वादातून धमक्या आल्या म्हणून रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले. संचमान्यता, वेतन देयके यांसाठी लोणारला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बुलढाण्याला जिल्हा परिषदेत खेटे घालावे लागतात. केंद्रप्रमुखांची बैठक असली की केंद्रशाळेतही जातो. शाळेत हत्यार नेऊ नये हे ठाऊक आहे, पण शिक्षण विभागाचे कार्यालय म्हणजे काही शाळा नव्हे ना? मुलगा म्हणतो, शर्टाखाली असले की कोणाला दिसते! नाहीतर गाडीत ड्रायव्हरपाशी ठेवले तर?

उत्तर : आधी परवान्याबरोबर छापून आलेल्या अटी काढून वाचा. बहुतेक परवानाधारक फोटो, शिक्का आणि मुदत पाहतात आणि पुस्तिका कपाटात टाकतात. त्यातली एक अट नेमकी तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे : परवाना ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी, सद्हेतूने शस्त्र बाळगायचे, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास मुभा दिली नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचे नाही.

‘आवारात’ म्हटले आहे, ‘वर्गात’ नव्हे. केंद्रशाळेतली बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत असो, रविवारी असो, एकही पोर हजर नसो. फाटकाच्या आत शाळाच. तुमच्या स्वतःच्या संस्थेच्या शाळेलाही हेच लागू. सचिव आहात म्हणून सूट नाही.

लोणारचे आणि बुलढाण्याचे कार्यालय मात्र वेगळे. तिथे कोणी शिकत नाही, फायली फिरतात. नुसत्या ‘शिक्षण’ या पाटीमुळे कार्यालय शैक्षणिक संस्था होत नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे या अटीपुरती तिथे बंदी दिसत नाही. पण इमारत कोणाच्या जागेत आहे ते बघा. शिक्षण विभागाची कितीतरी कार्यालये, गटसाधन केंद्रे जिल्हा परिषदेच्या शाळेच्याच कंपाउंडात असतात. तसे असेल तर पाटी कार्यालयाची असली तरी आवार शाळेचेच धरले जाईल. शिवाय त्याच दिवशी पंचायत समितीची आमसभा भरली असेल, तर ‘सार्वजनिक जमाव’ हा मुद्दा निघतोच.

(अमेरिकेत ही भानगड आणखी गुंतागुंतीची. तिथला केंद्रीय कायदा शाळेपासून १,००० फुटांची हद्द आखतो आणि त्याच राज्याने परवाना दिलेल्याला तिच्यातून वगळतो. वर प्रत्येक राज्याचे नियम निराळे. आपल्याकडे निदान अट एका ओळीत आहे.)

आता शर्टाखालचे. चिरंजीवांना सांगा, झाकून नेणे ही पळवाट नसून सक्ती आहे. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. लग्नात, कार्यक्रमात ते मिरवणे तर साफ मना. म्हणजे नेण्याची मुभा असेल तिथेही झाकूनच न्यायचे, आणि मुभा नसेल तिथे झाकले म्हणून चालत नाही.

ड्रायव्हरचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. परवानाधारकाच्या समक्ष दुसऱ्याने शस्त्र धरणे शस्त्र कायद्याला चालते. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासारख्या कामांसाठी लेखी अधिकारपत्रही देता येते. तुम्ही आत साहेबांसमोर आणि तो बाहेर गाडीत रिव्हॉल्व्हर राखत बसलेला, हे त्यात बसत नाही. विनापरवाना शस्त्र सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे. नोकरी गाडी चालवण्याची आणि खटला हत्याराचा, हे त्या बिचाऱ्याच्या माथी कशाला?

तुमच्याकडून अट मोडली तर याच शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कमी वाटेल. पण कलम १७ खाली परवानाच निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि धमक्यांमुळे शस्त्र घेतलेल्याला तो फटका दंडापेक्षा भारी.

निघण्यापूर्वी आणखी एक चौकशी करा. सण, आंदोलने, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली ठरावीक दिवसांसाठी शस्त्रबंदीचा आदेश निघतो. दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांभोवती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली वेगळी बंदी असते. आदेश चालू आहे का, हे बीबी पोलीस ठाण्यात विचारले की कळते.

माझा सल्ला : कार्यालयाच्या कामाला जाताना रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवा. वाटेत खरोखर जिवाला धोका असेल आणि शाळेच्या आवारात जाणे टळत नसेल, तर बुलढाण्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. त्यात शाळेचे नाव, कामाचे कारण लिहा, धमकीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत जोडा आणि पोच घ्या. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत, साहेब ओळखीचे असले तरी, शस्त्र घेऊन फाटकाच्या आत जाऊ नका.